मागून म्हणणारे

१

भूत, पिशाच्च, चकवा यांपैकी काहीही मी मानत नाही. हे आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढील मजकूर वाचून काही मंडळी घाईने माझ्या वतीने मानू लागतील. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातील देवांचे टाक मांजरा नदीच्या पात्रात सोडून दिले. तेव्हापासून भीतीला आमच्या घरात यायचे असेल तर विचारून यावे लागते.

मी एस.टी.त वाहक होतो. शाळा चौथीपर्यंत, पुढील शिक्षण निलंग्याच्या वाचनालयातील बाकावर झाले. नोकरी संपल्यावर वस्तीतील विहारात रविवारची वंदना घेण्याचे काम माझ्याकडे आले आणि ते मी आजतागायत नेमाने करीत आहे. वंदना घेणारा मूर्तीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभा राहतो. तो एक ओळ म्हणतो आणि थांबतो. मागची मंडळी तीच ओळ म्हणतात. मग तो पुढची म्हणतो. हे थांबणे सोपे नाही. ते अपुरे पडले तर मागचे अडखळतात. लांबले तर त्यांना वाटते, आपले काही चुकले.

गेल्या वर्षी विहार समितीचा तरुण सचिव आनंदराज घरी आला आणि अत्यंत आदराने म्हणाला की माझा आवाज आता शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही; तेव्हा स्पीकर आणून मोबाइलवर वंदना चालू करून टाकू. मी म्हणालो, चालू करून टाकायला ती विहिरीवरची मोटार नव्हे. ओळ म्हणणारा माणूस समोर असावा. आनंदराज हसला, चहा प्याला आणि स्पीकरची किंमत विचारायला गेला.

या भांडणात माझी नात धम्मप्रिया हिने मध्यममार्ग काढला. ती लातूरला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, "आबा, यंत्र येणारच आहे. मग त्यात दुसऱ्या कुणाचा आवाज कशाला? तुमचाच भरून घेऊ." गावात ट्रॅक्टर, मिरवणुका आणि लग्नांचे बँड यांच्यामुळे शांततेची अर्धी घटका मिळत नाही. म्हणून श्रावणातील एका सुट्टीच्या दिवशी आम्ही उंबरबेटावर जायचे ठरवले. दिवसभर हिंडायचे, तंबूत बसून वंदना ध्वनिमुद्रित करायची आणि दुसऱ्या दिवशी उतरायचे. माझ्या मुलाने गुडघ्यांचे कारण सांगून मला मनाई केली. मनाई झाल्यामुळे माझे जाणे निश्चित झाले.

२

आमच्या भागात सपाट शिवारात एकट्याने उभ्या असलेल्या डोंगराला बेट म्हणतात. पाण्याशी त्याचा संबंध नसतो. उंबरबेट कर्नाटकच्या हद्दीला लागून आहे. तेथे आता उद्यान झाले आहे. चढायला पायऱ्या, माथ्यावर तंबूंसाठी सिमेंटचे ओटे, पलीकडे कड्यालगत लोखंडी कठडा आणि त्याच्या अलीकडे पत्र्याची एक शेड.

धम्मप्रियाने गाडी फाटकाशी लावली तेव्हा पावसाने चांगलाच जोर धरला होता. पहारेकरी चंद्रप्पा याने मला पाहताच ओळखले. कारण तो माझ्याच गाडीने बाजाराला जात असे. "मास्तर, या वयात डोंगर?" असे म्हणून त्याने कुत्र्याला कन्नडमधून दटावले आणि माझ्या सुनेला, धम्मप्रियाच्या आईला, पंचशीलाला, बसायला खुर्ची दिली. आमच्याशिवाय त्या दिवशी वर कोणीही नव्हते.

निघताना तो म्हणाला, "वर एकमेकाला हाका मारू नका बगा. जवळ जवळ ऱ्हावा."

मी कारण विचारले.

"मला काय ठाव? पावसात म्या वर जातच न्हाई. पगार फाटकाचा हाय."

पंचशीला हसली. ती शिक्षिका आहे आणि तिला असे उत्तर देणारी मुले आवडतात. मी मात्र त्याला ऐकवले की कारण ठाऊक नसताना बंदी घालणे ही या देशाची जुनी खोड आहे. त्याने मान डोलावली आणि काडीने दात कोरू लागला.

३

दुपारपर्यंत आम्ही तंबूतच अडकलो. वरून पाऊस असा वाजत होता की बोललेले ऐकू येईना, मग ध्वनिमुद्रण कुठले? पंचशीलाने शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी सोडली. धम्मप्रिया माझे गुडघे दाबून पाहत होती आणि मी कण्हलो नाही याबद्दल मला टोमणे मारीत होती. ती म्हणाली की लाजेने दुखणे लपवणारे रोगी तिच्याकडे रोज येतात, पण तोऱ्याने लपवणारा मी पहिलाच. एकूण बेत फसला तरी दिवस चांगला चालला होता.

मग पाऊस एकाएकी थांबला. धम्मप्रियाने मोबाइल माझ्यासमोर ठेवला. मी तंबूच्या बंद पडद्याकडे तोंड करून ताठ बसलो. त्या दोघी माझ्या पाठीशी बसल्या. मी पहिली ओळ म्हटली आणि थांबलो. दोघींनी ती म्हटली.

तिसऱ्या ओळीच्या सुमारास मला जाणवले की मागून म्हणणारा एक आवाज जास्त आहे. तो पुरुषाचा होता, वयस्क होता, आणि त्या दोघींहून किंचित उशिरा संपत होता. तंबूच्या मागच्या कापडापलीकडे कोणी जमिनीवर मांडी घालून बसावे, इतक्या उंचीवरून तो येत होता. उच्चार निर्दोष होते. दर रविवारी ज्या जागी लोक अडखळतात, त्या जागी तो अडखळला नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला बरे वाटले. चंद्रप्पाने कोणा उपासकाला वर पाठवले असावे, असे मी समजलो. एकदा सुरू केलेली वंदना मी मध्ये सोडत नाही. म्हणून मी शेवटपर्यंत गेलो.

संपल्यावर मी बाहेर जाऊन तंबूला वळसा घातला. मागच्या बाजूला ओटा संपत होता आणि लगेच काटेरी करवंदीचे रान होते. माणसाला मांडी घालायला तेथे जागाच नव्हती.

"तुम्ही दोघींनी तो आवाज ऐकलात?" मी विचारले.

धम्मप्रियाने काही ऐकले नव्हते. पंचशीला म्हणाली, "मामा, मला वाटलं तुम्हीच आमच्याबरोबर परत म्हणून राहिलात."

मी प्रतिध्वनीचे शास्त्र वाचलेले आहे. ओले कापड, मागे दगडी उतार आणि पाऊस थांबल्यानंतरची जड हवा. तेवढ्यावर मी समाधान मानले. उतारावरून आवाज परत यायला थोडा उशीर लागतो, हे मी त्या दोघींना समजावूनही सांगितले. प्रतिध्वनी फक्त माझ्या आवाजाचाच का आला, त्या दोघींच्या आवाजाचा का नाही, हे मात्र मी कोणाला विचारू दिले नाही.

४

पाऊस थांबलेला पाहून आम्ही कठड्यापर्यंत फिरून यायला निघालो. वाट एकेरी होती, दोन्ही बाजूंना कमरेइतके गवत. शेड ओलांडून आम्ही कठड्याशी पोचलो तोच समोरचा ढग खाली सरकून माथ्यावर बसला. दहा हातांपलीकडचे दिसेना. पाऊस पुन्हा सुरू झाला. परत फिरणे भाग होते.

पुढे मी, मागे धम्मप्रिया, तिच्या मागे पंचशीला. डोक्यावरील रेनकोटच्या टोप्यांमुळे पावलांचा आवाज येत नव्हता आणि निसरड्या वाटेवर सारखे वळून पाहणे माझ्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. म्हणून मी एक युक्ती काढली. मी ओळ म्हणेन, तुम्ही मागून म्हणा. म्हणजे तुम्ही मागे आहात हे मला कळत राहील. आयुष्यभर पाठीमागची माणसे मी अशीच ओळखत आलो आहे. वळून पाहण्याची मला सवयच नाही, आणि तीच माझी चूक ठरली.

मी ओळ म्हणे, थांबे. दोन आवाज मागून येत. धम्मप्रियाचा वरच्या पट्टीतला, पंचशीलाचा शाळेत घासून घोगरा झालेला. कुठेही खंड नाही. शेड मागे पडली. गवत संपले. तंबूचा ओटा आला. मी शेवटची ओळ म्हटली, दोघींनी ती म्हटली आणि मी हसून मागे वळलो.

वाटेवर कोणी नव्हते.

मी उभा राहून वाट पाहिली. ढगातून कोणी बाहेर आले नाही. तेवढ्यात खिशातील मोबाइल वाजला.

"आबा, कुठं गेलात तुम्ही?" धम्मप्रिया वैतागली होती. "आईचा पाय मुरगळला. आम्ही शेडमध्ये बसून आहोत. किती हाका मारल्या तुम्हाला."

"तुम्ही माझ्यामागून म्हणत होतात," मी म्हणालो.

"सुरुवातीच्या ओळी म्हटल्या. मग आई पडली. त्यानंतर कुठलं म्हणणार?"

ती बोलत असताना, माझ्यासमोर गवतात, तिचाच आवाज मघाची शेवटची ओळ पुन्हा एकदा म्हणाला. पाठोपाठ पंचशीलाचा. कानाशी धम्मप्रिया तिच्या आईच्या घोट्याला सूज आल्याचे सांगत होती आणि पलीकडे धम्मप्रिया थांबून पुढच्या ओळीची वाट पाहत होती.

मी मोबाइल कानाशी आणखी दाबला. मोबाइलवर धम्मप्रियाचा स्वर एकदम निवळला.

"हां, आलातच की. ऐकू यायला लागलं तुमचं. थांबा, तिकडं कठड्याकडं जाऊ नका, मी येते हात द्यायला."

आणि तिने फोन बंद केला.

५

मी उलट फिरलो. गवतातून दोन आवाज येत होते ती हीच वाट होती, दुसरी नव्हती. मी त्यांच्यामधून गेलो. काहीही अंगाला लागले नाही. जाताना दोन्ही बाजूंचे गवत मात्र माझ्याकडे नव्हे, माझ्यापासून दूर कलले, एवढे मी पाहिले. वाऱ्याने तसे होऊ शकते.

पुढे शेडच्या दिशेने माझा आवाज ऐकू येऊ लागला. तो वंदना घेत होता. ओळ, मग विराम, मग धम्मप्रियाचे उत्तर. तरीही माझी बुद्धी जागेवर होती. मी स्वतःला बजावले, हे ध्वनिमुद्रण आहे. दुपारी भरून घेतलेले. मोबाइलवर बोट लागून ते सुरू झाले असेल. यंत्रे तशी सुरू होतात. आनंदराजचा स्पीकर अजून आला नाही आणि हा ताप आताच सुरू झाला, अशी चीडसुद्धा मला आली. त्या चिडीच्या आधाराने मी शेडपर्यंत पोचलो.

पंचशीला बाकावर पाय लांब करून बसली होती. धम्मप्रियाचा मोबाइल, भिजू नये म्हणून, पंचशीलाच्या पदराखाली होता. तो बंद होता.

मला तंबूच्या बाजूने येताना पाहून तिचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिले, मग कठड्याकडे.

"मामा," ती म्हणाली, "मग ती कुणाला आणायला गेली?"

६

शेडपासून कठडा फार दूर नाही. पण त्या ढगात मला दिशा दाखवायला फक्त दोन आवाज होते, आणि त्यांतला एक माझा होता. मी धम्मप्रियाला हाक मारली. लगेच नाही, योग्य तेवढा वेळ थांबून, पुढून माझ्याच आवाजात तिला तशीच हाक गेली. तिने उत्तर दिले ते तिकडे दिले. म्हणजे मी हाक मारून तिला कठड्याकडेच ढकलीत होतो. मी तोंड मिटले आणि तिच्या उत्तरांच्या मागे चालत राहिलो. प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तरापेक्षा पुढे सरकत होते.

तिचा केशरी रेनकोट दिसला तेव्हा तिने एक पाय कठड्याच्या खालच्या नळीवर ठेवला होता आणि एक हात पलीकडे लांब केला होता. म्हाताऱ्या माणसाला ओढ्यातून वर घेताना करतात तसा.

कठड्यापलीकडे जमीन नाही. तेथे सरळ कडा तुटलेला आहे. पण तिच्या हातापासून थोड्या अंतरावर, त्या पांढऱ्यात, कोणाची तरी पाठ होती. डावा खांदा किंचित खाली. तिकिटांची पेटी वागवून माझा झाला आहे तसा. दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले. मान ताठ. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही. तरीही ती मला परकी वाटली नाही, हे मान्य करतो.

ती पाठ पुढची ओळ म्हणाली आणि थांबली.

मी धम्मप्रियाचे मनगट धरले. तिने दचकून माझ्याकडे पाहिले, मग त्या पाठीकडे, पुन्हा माझ्याकडे.  तिचे ओठ हलू लागले होते. ओळ आली होती, विराम पडला होता, आणि लहानपणापासून या विरामात ती कधी गप्प राहिल्याचे मला आठवत नाही. मीच तिला ते शिकवले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती ओठ आवरायचा प्रयत्न करीत होती आणि ते आवरत नव्हते.

तेव्हा मला जो संताप आला तो मी नीट सांगू शकत नाही. माझा आवाज घे, खांदा घे. पण माझ्या मागच्या माणसांना कड्याकडे तोंड करून उभे करायचा अधिकार तुला कोणी दिला? मी छाती भरून घेतली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. आनंदराजच्या मते न पोचणारा आवाज त्या दिवशी बेटाच्या पायथ्याशी चंद्रप्पाने ऐकला, असे तो नंतर म्हणाला.

मी थांबलो. धम्मप्रियाने माझ्याकडे पाहून, माझ्या तोंडाकडे पाहून, ती ओळ म्हटली. तिचा पाय नळीवरून खाली आला.

आणि तिच्यानंतर, किंचित उशिराने, त्या पाठीनेही ती म्हटली.

७

मी ओळ सोडली नाही. शेडपर्यंत गेलो, पंचशीलाला दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलले, तंबू आणि सामान तसेच टाकले आणि पायऱ्यांना लागलो. मी पंचशीलाला हळूच सांगितले, काही विचारू नकोस, फक्त माझ्यामागून म्हण. ती दात आवळून म्हणत राहिली. वंदना संपली की मी लगेच पहिल्यापासून सुरू करीत असे. घसा फाटला होता. दोन आवाज माझ्या काखेशी होते आणि तिसरा मागच्या पायरीवर. तो न चुकता, आज्ञाधारकपणे, माझ्यामागून म्हणत खाली येत होता.

मी वळलो नाही. घाबरून नव्हे. वंदना घेणारा वळत नाही.

फाटकाशी चंद्रप्पा छत्री घेऊन उभा होता. मी शेवटची ओळ म्हटली, दोघींनी म्हटली. मागून काहीच आले नाही. चंद्रप्पाने आमच्या पाठीमागे पायऱ्यांकडे पाहिले, छत्री मिटली आणि भर पावसात खोलीत जाऊन दार लावून घेतले. त्याने काय पाहिले ते मी विचारले नाही, आणि त्यालाही सांगावेसे वाटले नाही.

आम्ही गाडीत बसलो. धम्मप्रियाने किल्ली लावली. तेवढ्यात वरून, ढगातून, पहिली ओळ आली. माझाच आवाज, पण आता थकलेला नाही. मी वंदना घ्यायला लागलो तेव्हाचा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. ओळ संपली. विराम पडला.  तो विराम माझ्या घशाशी येऊन उभा राहिला. तहान लागावी तशी मला ती ओळ म्हणावीशी वाटली.

"मामा, काच वर घ्या," पंचशीला मागून म्हणाली. "पाया पडते."

मी काच वर घेतली नाही.

माझे आजोबा गावाचे निरोप पोचवणारे होते. पाटलाच्या ओट्यावरून हाक आली की हातातला घास टाकून त्यांना "जी" म्हणावे लागे. पावसात, तापात, घरात मयत असतानासुद्धा. न म्हणण्याची सोय नव्हती. ती "जी" माझ्या वडिलांनी थांबवली आणि त्यासाठी गावही सोडले. कोणी ओळ टाकली म्हणून ती उचलणारे घर आमचे राहिलेले नाही.

"ऐकू दे," मी म्हणालो. "आणि त्यालाही कळू दे, की आम्हाला ऐकू येतंय."

धम्मप्रियाने किल्ली फिरवली. ओळ पुन्हा आली, विराम पुन्हा पडला. गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत पाऊस माझ्या मांडीवर पडत राहिला, आणि आम्हा तिघांपैकी कोणीही ती ओळ म्हटली नाही.